इवल्याशा हाडावरून वटवाघळाची जात सांगता येते का?

कौलारू

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरी जिल्ह्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. गेल्या मे महिन्यात गावातल्या एका जुन्या इमारतीची कौलं उतरवली, तेव्हा वाशांच्या खाचेत पाच मेलेली वटवाघळं सापडली. अंगठ्याएवढी, तपकिरी. वनखात्याला कळवून, लेखी परवानगी घेऊन ती प्रयोगशाळेत आणली आणि स्पिरिटमध्ये ठेवली.

ही पिपिस्ट्रेल, म्हणजे छोट्या वटवाघळांच्या एका गटातली, आहेत एवढं नक्की. घोडं अडलंय ते पुढे. तीन नर आहेत, त्यांच्या पंखाच्या पुढच्या हाडाची लांबी 28, 29 आणि 30 मिलिमीटर. या मापात पिपिस्ट्रेलस टेन्यूइस आणि पिपिस्ट्रेलस कोरोमांड्रा या दोन्ही जाती बसतात. एका जाणकारांनी सांगितलं, "बॅक्युलम काढा, म्हणजे निकाल लागेल." बॅक्युलम म्हणजे नराच्या लिंगात असणारं सुटं हाड. सांगाड्यातल्या कुठल्याच हाडाशी ते जोडलेलं नसतं.

मग पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या पातळ द्रावणात ठेवून, हाडाला लाल रंग देणारं अ‍ॅलिझरिन रेड घालून तिन्ही तयार केली. तिसऱ्या दिवशी सकाळी काचपात्र उजेडात धरलं. मांस पेजेच्या निवळीसारखं पारदर्शक झालं होतं आणि आत जेमतेम दिसेल अशी लालभडक काडी. मी कितीतरी वेळ ती बशी हातात धरून बसले होते.

पण तिन्ही हाडं सारखी नाहीत! दोन लांबट, बारीक आणि टोकाशी स्पष्ट दुभंगलेली. तिसरं आखूड, आणि टोकाची फाट जवळजवळ नाहीच. एकाच वाशातून मिळालेल्या या दोन जाती समजायच्या का? की एकाच जातीत एवढा फरक पडतो? बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या आहेत. चुकीचं नाव लिहायचं नाही.

पाणकोंबडी

वाचनखूण साठवली. असं हाड असतं हेच आज कळलं.

गोठ्यातला_डॉक्टर

हाड म्हटलं की कुत्रा पळतो, पण या धाग्यात कुत्र्याला आणावंच लागेल. :)

मी पशुवैद्य. आमचा या हाडाशी संबंध जवळपास दर महिन्याला येतो. कुत्र्यात हे हाड चांगलं बोटभर असतं आणि त्याच्या खालच्या बाजूला पन्हाळीसारखी खाच असते. मूत्रनळी त्या खाचेतून जाते. आजूबाजूला हाड असल्यामुळे तिथे नळीला फुगायला जागा नाही. मूत्राशयातून खडा निघाला की नेमका त्या हाडाच्या मागच्या टोकाशी येऊन अडकतो. मग कुत्रा पाय वर करतो, कण्हतो, थेंब थेंब होतं. मालक सांगतात, "दोन दिवस झाले, लघवीला बसतोय पण होत नाही." एक्स-रे काढला की हाड आणि त्यामागे माळेतल्या मण्यांसारखे खडे, दोन्ही एका चित्रात. दोन दिवस वाट बघू नका, त्याच दिवशी आणा, हे इथे सांगून ठेवतो.

गाय, म्हैस, घोडा, शेळी, यांच्यात हे हाड नाही. मांजरात आहे, पण अगदीच छोटं.

व्याकरणवेडा

बॅक्युलम म्हणजे लॅटिनमध्ये काठी. मराठीत 'शिश्नास्थी' असा शब्द आहे, शेवटची थी दीर्घ. तो वापरावा असं सुचवतो.

निंबोणी

शब्द बरोबर आहे, पण 'अस्थी' म्हटलं की मराठी माणसाला नाशिकचा घाट आठवतो. वर्गात मुलांना सांगताना तर 'बॅक्युलम'च बरं. मी नागपूरला शिकवते. हा शब्द नुसता उच्चारला तरी मागचे बाक खुसखुसतात. त्यापेक्षा एक नवा शब्द त्यांना सरळ कानावर पडू द्यावा, मग ते हाडाकडे हाड म्हणून बघतात.

कौलारू ताई, मुलांना दाखवलंत का?

कौलारू

@निंबोणी, दाखवलं. पहिली दोन मिनिटं हशा. मग एक मुलगी म्हणाली, "मॅडम, माद्यांमध्ये काय असतं?" आणि सगळे गप्प. मला पटकन उत्तर देता आलं नाही.

सांजपाखरू

त्या मुलीला शाबासकी द्या. माद्यांमध्येही असतं! त्याला बॉबेलम म्हणतात, भगशिश्निकेतलं हाड. उंदीर-खारींसारख्या बऱ्याच कृंतकांत आणि मांसभक्षकांत सापडतं. 2018 मध्ये एका अभ्यासात दोन्ही हाडांची तुलना झाली. मादीचं हाड जास्त चंचल निघालं: एका जातीत आहे, शेजारच्या जातीत नाही, कधी एकाच जातीतल्या काही माद्यांत आहे आणि काहींत नाही. वर्षानुवर्षं संग्रहालयांनी नराची हाडं जपली आणि मादीची बघितलीच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. तुमच्या पाचांतल्या दोन माद्याही द्रावणात ठेवून बघा. काही मिळालं नाही तरी 'नाही' ही नोंदच आहे.

आता मूळ प्रश्न. वटवाघळांत बॅक्युलम खरोखर कामाचं आहे. पिपिस्ट्रेलसचं साधारण तुम्ही सांगितलंत तसं: लांब, बारीक दांडा, बुडाशी आणि टोकाशी फाटा. एप्टेसिकस गटाचं बघितलंत तर लहानसा त्रिकोण, बाणाच्या टोकासारखा. 1987 साली हिल आणि हॅरिसन यांनी लंडनच्या संग्रहालयातल्या नमुन्यांची बॅक्युलमं तपासून पिपिस्ट्रेलसचा सगळा गोतावळाच नव्याने मांडला. बाहेरून अगदी पिपिस्ट्रेल वाटणारी हिप्सुगो गटाची वटवाघळं त्या इवल्या हाडावरून वेगळी पडली, आणि पुढे डीएनएनेही हिप्सुगोच्या बाबतीत तसाच कौल दिला.

पण दोन गट ओळखणं वेगळं आणि एकाच गटातल्या दोन सख्ख्या जाती ओळखणं वेगळं. युरोपातलं साधं पिपिस्ट्रेल आणि त्याचं जुळं भावंड पिपिस्ट्रेलस पिग्मियस आवाजावरून वेगळी झाली. एक साधारण 45 किलोहर्ट्‌झला ओरडतं, दुसरं 55 ला. त्यांच्या बॅक्युलममधला फरक नीट पकडायला 2014 मध्ये सूक्ष्म सीटी स्कॅन लागला. डोळ्यांनी बघून छातीठोक सांगण्यासारखा तो नव्हता.

तिसरा_पट्टा

या हाडावरून वर्गीकरण करण्यात खारीही आहेत हे कुणी सांगितलंच नाही! 1915 साली ओल्डफील्ड थॉमस यांनी लंडनहून एक निबंध लिहिला, खारींचं वर्गीकरण करायला बॅक्युलमचा आधार घ्यावा म्हणून. आग्नेय आशियातल्या कॅलोस्क्युरस खारींच्या बॅक्युलमला वेगळं पातं असतं, चाकूसारखं. अंगावरच्या रंगाने फसवलेल्या खारी त्या पात्यावरून एका गटात आल्या.

आपल्या अंगणातल्या खारूताईचंही असंच आहे. पाच पट्ट्यांची खार 1905 साली रॉटन यांनी नोंदवली, ते मुंबई इलाख्यात वनाधिकारी होते. तीन पट्ट्यांची वेगळी. पट्टे मोजून आपण मोकळे होतो, पण 1950 च्या दशकात एम. आर. एन. प्रसाद यांनी या खारींच्या नर जननेंद्रियांचा बारकाईने अभ्यास केला. मूर आणि टेट यांनी 1965 मध्ये पाच-पट्टी खारीसाठी वेगळा उपगट केला आणि त्याला नाव दिलं प्रसादस्क्युरस. आपल्या खारीच्या नावात एका भारतीय संशोधकाचं नाव आहे, हे मला शाळेत कुणी सांगितलं असतं तर किती आनंद झाला असता!

पाणकोंबडी

@तिसरा_पट्टा, रॉटन म्हणजे ज्यांच्या नावाचं वटवाघूळ तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत आहे तेच ना? आम्ही चोर्ल्याकडून जाताना त्याबद्दल ऐकलं होतं.

तिसरा_पट्टा

तेच. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं सस्तन प्राण्यांचं सर्वेक्षण 1911 ला सुरू झालं, त्यात ते वटवाघूळ मिळालं. 1913 ला त्याचं वर्णन केलं थॉमस यांनीच. म्हणजे बॅक्युलमवाले थॉमस आणि खारीवाले रॉटन इथे भेटतात.

मावळतीचा_वारा

मला यातलं शास्त्र थोडंफार वाचून माहीत आहे. प्रत्येक जातीचं हाड वेगळं असण्यामागे सरळ कारण आहे असं मला वाटतं: कुलूप आणि किल्ली. एका जातीची किल्ली दुसऱ्या जातीच्या कुलपात बसू नये, संकर होऊ नये, म्हणून आकार वेगळे. त्यामुळे ताई, तुमच्याकडे दोन आकार आहेत म्हणजे दोन जाती आहेत. यात गोंधळ कसला?

चिपमंकांच्या_देशी

@मावळतीचा_वारा, दादा, याला माझा ठाम विरोध आहे. मी सध्या मोंटानात आहे, मूळचा सांगलीचा. इथे डोंगरात उन्हाळाभर चिपमंक, म्हणजे इथल्या छोट्या पट्टेरी खारी, पकडून, मोजून, सोडून देण्याचं काम करतो.

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या चिपमंकांच्या वीसेक जाती आहेत आणि त्यातल्या कित्येक बाहेरून एकसारख्या. पट्टे तेच, शेपूट तीच. 1953 साली व्हाइट यांनी त्यांच्या बॅक्युलमवर सविस्तर लिहिलं, तेव्हापासून इथे हाड हाच आधार. हाड कसं? एक बारीक दांडा, टोक वर वळलेलं, त्या टोकावर होडीच्या तळासारखा कणा. दांडा किती लांब, टोक किती अंशात वळलंय, कणा किती उंच, यावर जात ठरते. संग्रहालयात काचेच्या नळीत ठेवलेलं असतं. शिंक आली तर उडून जाईल इतकं हलकं.

आता कुलूप-किल्लीची गोष्ट. लाल शेपटीचा चिपमंक आणि पिवळ्या पाइनचा चिपमंक यांची बॅक्युलमं इतकी वेगळी आहेत की नवखाही ओळखेल. किल्ली बसायलाच नको. पण 2003 च्या सुमारास जेफ्री गुड आणि सहकाऱ्यांनी उत्तर रॉकी पर्वतातल्या चिपमंकांचा डीएनए तपासला, तर पिवळ्या पाइनच्या चिपमंकाच्या एका उपजातीत मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए लाल शेपटीवाल्याचा निघाला! म्हणजे कधीतरी संकर झाला होता, हाड वेगळं असूनही. लाल शेपटीवाल्यांमध्येही पूर्वेकडचा आणि पश्चिमेकडचा असे दोन प्रकार आहेत, दोघांची हाडं वेगळी, आणि आयडाहोतल्या लोशा नदीच्या खोऱ्यात त्यांचा संकर सापडतो.

तेव्हा हाड वेगळं म्हणजे दार बंद, असं नाही. हाडावरून जात ओळखता येते ही एक गोष्ट. ते हाड संकर थांबवतं ही दुसरी. पहिली बरीचशी खरी आहे, दुसरीला पुरावा लंगडा आहे.

मावळतीचा_वारा

बरं, कुलूप-किल्ली सोडू. मग एवढे आकार झाले तरी कशासाठी?

सांजपाखरू

याचं सगळ्यात चांगलं उत्तर साध्या घरातल्या उंदराने दिलंय. 2013 मध्ये स्टॉकली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्या नरांच्या बॅक्युलमचा दांडा रुंद, त्यांना पिल्लं जास्त झाली. लांबीचा नाही, रुंदीचा संबंध निघाला. पुढच्याच वर्षी सिमन्स आणि फर्मन यांचा प्रयोग आला: उंदरांच्या काही वंशावळींत 27 पिढ्या एका मादीला एकच नर, आणि काहींत एका मादीला अनेक नर. अनेक नरांच्या वंशावळींत हाड जाड होत गेलं. नरांमधली स्पर्धा हाडाला आकार देते हे डोळ्यांदेखत घडलं.

पण हे सगळीकडे लागू नाही. 2016 मध्ये शुल्ट्‌झ यांनी 954 जातींची नोंद तपासली. हे हाड सस्तन प्राण्यांत किमान 9 वेळा स्वतंत्रपणे आलं आणि किमान 10 वेळा गेलं. ससा घ्या, त्याला नाही. त्याच्याच गोतातल्या हिमालयी पिकांच्या कुळात आहे. जे इतक्या वेळा आलं-गेलं, त्याला सगळीकडे एकच कारण असेल हे मला पटत नाही.

आणि आता वटवाघळांचीच गोष्ट, ही ऐकाच. नेदरलँड्‌समधल्या एका चर्चच्या माळ्यावर कॅमेरे लावून सेरोटीन वटवाघळांचं मीलन टिपलं, 2023 मध्ये ते प्रसिद्ध झालं. नराचं ताठलेलं लिंग मादीच्या योनीपेक्षा साधारण सात पट लांब, टोकाला पसरट. आत जातच नाही! नर त्याचा हातासारखा वापर करून मादीच्या शेपटीचा पडदा बाजूला सारतो आणि नुसता टेकवून ठेवतो, कधी कधी कितीतरी तास. सेरोटीन म्हणजे एप्टेसिकस, तोच त्रिकोणी हाडवाला. तिथे कुलूपही नाही आणि किल्लीही नाही.

गोठ्यातला_डॉक्टर

@सांजपाखरू, हे भारीच. वीस वर्षं प्राण्यांत काढली, असं काही ऐकलं नव्हतं.

एक_प्रश्न

आणि माणसात का नाही?

सांजपाखरू

चिंपांझीत आहे पण जेमतेम काही मिलिमीटरचं. आपल्या शाखेत ते गेलं. ब्रिंडल आणि ओपी यांच्या 2016 च्या अभ्यासात प्राइमेट (माकड-वानरांचा गट) आणि मांसभक्षक प्राण्यांत लांब मीलनकाळाशी, म्हणजे तीन मिनिटांहून जास्त, लांब हाडाचा संबंध दिसला. माणसावर वेगळा धागा काढा, इथे वटवाघळांनाच राहू द्या.

जुनी_बाटली

उशिरा आलो. निवृत्त आहे, आयुष्य नमुन्यांच्या कपाटांत गेलं. ताईंच्या मूळ प्रश्नावर मला बोलायचंय, कारण अशा चुकीच्या चिठ्ठ्या मी किती बघितल्या आहेत सांगता सोय नाही.

पहिला प्रश्न विचारा: तो तिसरा नर वयाने केवढा? बॅक्युलम वाढतं. नर-संप्रेरकाशिवाय ते पूर्ण होत नाही. युरोप-अमेरिकेत शेतातले व्होल उंदीर असतात, त्यांचं बॅक्युलम त्रिशूळासारखं: रुंद बूड, दांडा आणि टोकाला तीन पाती. पण ती पाती आधी कूर्चेची असतात, मग हळूहळू हाडाची होतात. कोवळ्या नराचं हाड साफ केलं तर पाती निघून जातात, हातात फक्त दांडा. त्यावरून कुणी नवी जात काढली तर? आणि स्टोट नावाच्या छोट्या मांसभक्षक प्राण्यात तर शास्त्रज्ञ उलट वापर करतात, हाडाचं वजन बघून कोवळा नर आणि प्रौढ नर वेगळे काढतात. म्हणजे फरक वयाचा आहे हे ठाऊक असेल तर तोच फरक कामाचा.

वटवाघळाचं वय बघायची सोपी युक्ती आहे. पंख पसरा, मागून विजेरीचा उजेड टाका आणि बोटांचे सांधे बघा. कोवळ्यात सांध्यापाशी कूर्चेचे फिकट पट्टे उजेडात दिसतात आणि सांधा निमुळता असतो. प्रौढात पट्टे नाहीत, सांधा गाठीसारखा गोल.

दुसरा प्रश्न: मेल्यावर ते कशात ठेवलं होतं? एका ठिकाणी, नाव सांगत नाही, एक आख्खी बरणी साध्या फॉर्मेलिनमध्ये वर्षानुवर्षं पडून होती. फॉर्मेलिन आंबट होत जातं आणि हाडातला चुना खातं. मी त्यातले नमुने अ‍ॅलिझरिनमध्ये घातले, एकाही हाडाने रंग धरला नाही. कुणा विद्यार्थ्याने लिहून ठेवलं होतं, 'बॅक्युलम आढळले नाही'. ते तिथे होतं, आम्हीच ते विरघळवलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

कौलारू

काका, अंगावर काटा आला. माझे स्पिरिटमध्ये होते, फॉर्मेलिन लावलेलं नाही. पण वयाचं मी बघितलंच नाही! उद्या प्रयोगशाळेत गेल्यावर आधी तेच.

गोठ्यातला_डॉक्टर

हातमोजे घाला, ताई. वटवाघूळ मेलेलं असो की जिवंत, उघड्या हाताने नाही. मुलांनाही नाही.

मावळतीचा_वारा

@जुनी_बाटली काका, @चिपमंकांच्या_देशी, मी माझं म्हणणं मागे घेतो. वयाचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. एकच विचारतो: एकाच वयाच्या प्रौढ नरांत किती फरक चालतो?

चिपमंकांच्या_देशी

त्यासाठी एका जागचे पुष्कळ नर मोजावे लागतात. इथे नियमच आहे, एका हाडावर बोलायचं नाही. दांड्याची लांबी माणसांच्या उंचीसारखी थोडी मागेपुढे होते, पण टोकाचा कोन आणि आकार त्यामानाने टिकून असतो. म्हणून मोजमापाबरोबर बाजूचं आणि वरचं, दोन्ही रेखाचित्रं काढतात. फोटोपेक्षा पेन्सिल बरी, काढताना डोळा थांबतो.

निंबोणी

पेन्सिलीचं अगदी खरं. माझ्या मुलांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेलं काढायला लावते, तेव्हा निम्मे प्रश्न त्यांचे त्यांनाच सुटतात.

कौलारू

आज बघितलं.

हातमोजे घालून तिन्ही नरांचे पंख एकेक करून मोबाइलच्या विजेरीसमोर धरले. पहिल्या दोघांचे सांधे गाठीसारखे, आरपार काही दिसत नाही. तिसऱ्याच्या चौथ्या बोटाच्या सांध्यापाशी दोन बारीक फिकट पट्टे, मध्ये काळपट रेघ. मुलांना एकेक करून दाखवलं. तीच मुलगी म्हणाली, "म्हणजे हे पिल्लू होतं?" अगदी पिल्लू नाही, उडता येणारं असावं, पण पुरतं वाढलेलं नक्कीच नव्हतं. मग बॅक्युलम पुन्हा भिंगाखाली घेतलं. टोकाशी जिथे फाट नाही असं मला वाटलं होतं, तिथे रंग न धरलेला एक धुरकट भाग आहे, दोन बाजूंना किंचित पसरलेला. ती कूर्चा असणार. आधी मी फक्त लाल तेवढंच बघत होते.

दोन माद्यांनाही काल द्रावणात ठेवलंय.

जुनी_बाटली

शाबास. आता चिठ्ठी कशी लिहिणार?

कौलारू

काका, दोन प्रौढांच्या हाडांची चित्रं मुलांनी बाजूने आणि वरून काढली आहेत. ती सांजपाखरू ताईंना पाठवते, संग्रहालयातल्या नमुन्यांशी ताडून बघितल्याशिवाय जातीचं नाव लिहिणार नाही. तिसऱ्या बाटलीवर आज पेन्सिलीने हे लिहून आत टाकलं:

"पिपिस्ट्रेलस, जात ठरलेली नाही. नर, अप्रौढ, बोटाच्या सांध्यात कूर्चा दिसते. कौलाखालच्या वाशात, इतर चार नमुन्यांसोबत. स्पिरिट, फॉर्मेलिन नाही. बॅक्युलम ग्लिसरीनमध्ये, नळी क्रमांक 3, टोकाची कूर्चा शाबूत. साफ करू नये."

सांजपाखरू

चित्रं पाठवा. वाट बघते. आणि माद्यांचं कळवा!